गाडीच्या मेंदूतला फेरफार आणि आपली फुप्फुसे

राजापूरहून महामार्गाने ओणी, तिथून रायपाटण, पाचल करत अणुस्कुरा घाटाच्या पायथ्याशी आले, की गाडीचा खरा कस लागतो. मागे सामान, आत माणसे आणि समोर वळणावळणाचा चढ. दुसऱ्या गिअरमध्ये इंजिन ओरडते आणि तिसरा टाकला तर गाडी मरगळते. कोल्हापूरला नेहमी ये-जा करणाऱ्यांना हे नवे नाही. मग कुणीतरी सुचवते, 'रिमॅप करून घ्या. तासाभराचे काम. पिकअप बघा कसा येतो, वर ॲव्हरेजही वाढेल!'

यात पाना-स्क्रू ड्रायव्हर लागत नाही, इंजिन उघडावे लागत नाही. स्टिअरिंगच्या खाली एक छोटे सॉकेट असते. त्यात केबल जोडायची, लॅपटॉप उघडायचा, गाडीच्या संगणकातली कंपनीची आज्ञावली काढून तिथे दुसरी भरायची. गाडी बाहेरून तशीच दिसते, आतून मात्र तिचा स्वभाव बदललेला असतो. हा विषय आरोग्याच्या सदरात कसा, असे वाटेल. पण या बदलाची किंमत बहुतेक वेळा गाडीच्या मालकापेक्षा दुसऱ्याच कुणाचे तरी फुप्फुस मोजते.

आजच्या डिझेल गाडीत किती इंधन कधी जाळायचे, हे चालकाचा पाय ठरवत नाही. पाय फक्त मागणी नोंदवतो. निर्णय घेतो तो ईसीयू, म्हणजे इंजिनाचा नियंत्रक संगणक. आत किती हवा आली, ती किती गरम आहे, इंजिनाचे तापमान किती, फेरे किती, हे सगळे तो सेन्सरकडून सतत विचारत असतो. मग आपल्याकडची कोष्टके बघतो आणि हवेच्या दाबाच्या दीड-दोन हजार पट दाबाने डिझेलचा फवारा नेमक्या क्षणी सोडतो. या कोष्टकांना मॅप म्हणतात. ती बदलणे म्हणजे रिमॅपिंग.

कंपनीने इंजिनाची ताकद मुद्दाम दाबून ठेवलेली असते आणि रिमॅपवाला ती मोकळी करतो, असा एक लोकप्रिय समज आहे. त्यात थोडे तथ्य आहे. एकाच गाडीला लडाखच्या थंडीत आणि कोकणच्या दमट उकाड्यात चालायचे असते, पंपावरच्या इंधनाचा दर्जा कमी-जास्त असतो, म्हणून कंपनी हात राखून आकडे भरते. पण त्या आकड्यांमागे दुसरेही एक कारण असते, ते म्हणजे धूर.

हवेत ७८ टक्के नायट्रोजन असतो. एरवी तो कुणाच्या अध्यात ना मध्यात. आपण तो श्वासाबरोबर घेतो आणि तसाच बाहेर टाकतो. पण इंजिनाच्या सिलिंडरमध्ये ज्वाळेचे तापमान साधारण दीड हजार अंश सेल्सिअसच्या पुढे गेले, की हा शांत वायू ऑक्सिजनशी संयोग पावतो आणि नायट्रोजनची ऑक्साइडे तयार होतात. त्यांना एकत्रितपणे नॉक्स म्हणतात. डिझेलचा फवारा थोडा लवकर सोडला तर ताकद वाढते, ॲव्हरेज सुधारते, पण ज्वाळा अधिक तापते आणि नॉक्स वाढतो. फवारा उशिरा सोडला तर नॉक्स कमी होतो, पण काजळी वाढते आणि इंधन जास्त लागते. एक धरावे तर दुसरे सुटते. कंपनीचे आकडे म्हणजे या ओढाताणीत गाठलेली तडजोड असते. रिमॅपवाला जादू करत नाही. तो ही तडजोड चालकाच्या बाजूला झुकवतो, आणि ती झुकते ती बहुधा घाटासारख्या ठिकाणी, जिथे इंजिनावर भार जास्त आणि ज्वाळा आधीच तापलेली असते.

काही वेळा गोष्ट एवढ्यावर थांबत नाही. धूर स्वच्छ करणारी यंत्रणाच 'ऑफ' केली जाते. या यंत्रणेचे तीन भाग समजून घ्यायला हवेत. पहिला भाग ईजीआर. हा झडपेतून थोडा धूर पुन्हा इंजिनात सोडतो, त्यामुळे ज्वाळा थंडावते आणि नॉक्स कमी बनतो. दुसरा डीपीएफ, म्हणजे मधाच्या पोळ्यासारखी सिरॅमिकची जाळी. ती काजळी अडवते आणि पुरेशी साठली की सहाशे अंशांच्या आसपास तापवून जाळून टाकते. तिसरा भाग ट्रक-बसमध्ये आणि काही मोठ्या गाड्यांत असतो. त्यात युरियाचे द्रावण धुरात फवारतात. शेतात खत म्हणून जातो तोच युरिया, फक्त अतिशुद्ध, ३२.५ टक्के प्रमाणात पाण्यात मिसळलेला. गरम धुरात त्याचा अमोनिया होतो आणि अमोनिया नॉक्सचे पुन्हा निरुपद्रवी नायट्रोजन आणि पाण्यात रूपांतर करतो. रसायनशास्त्राचा इतका सुंदर उपयोग रस्त्यावर दुसरीकडे क्वचितच दिसेल.

पण या तिन्ही भागांची निगा राखावी लागते. ईजीआरमध्ये काजळी धरते. युरियाची टाकी रिकामी झाली की ईसीयू इंजिनाची ताकद कमी करतो. डीपीएफचे दुखणे तर छोट्या गावात अधिक. बाजारापासून वाडीपर्यंत, वाडीपासून शाळेपर्यंत अशा दोन-चार किलोमीटरच्या फेऱ्यांत जाळी कधी पुरेशी तापतच नाही. काजळी साचत जाते, डॅशबोर्डवर दिवा लागतो, एक दिवस गाडी जोर सोडते. नव्या जाळीचा खर्च ऐकून मालकाच्या पोटात गोळा येतो. अशा वेळी 'जाळी काढून टाकू, सॉफ्टवेअरमधून दिवाही बंद करू' हा सल्ला स्वस्त वाटला, तर माणसाला एकदम दोष देता येत नाही. फक्त दिवा विझवणे म्हणजे तापाची गोळी देऊन न्यूमोनिया बरा झाला असे म्हणण्यासारखे आहे. ट्रकसाठी तर एक छोटी डबीच मिळते. ती ईसीयूला सांगत राहते की युरिया भरलेला आहे आणि सगळे ठीक चालले आहे.

आता फुप्फुसाकडे वळू. नॉक्समधला नायट्रोजन डायऑक्साइड हा वायू पाण्यात फारसा विरघळत नाही, आणि त्याचा धोका याच गुणात आहे. अमोनियाचा भपकारा आला तर तो नाका-घशाच्या ओलाव्यात लगेच विरघळतो, डोळे चुरचुरतात, माणूस मागे सरतो. नायट्रोजन डायऑक्साइड थोड्या प्रमाणात असताना अशी सूचना देत नाही. तो नाक, घसा, मोठ्या श्वासनलिका ओलांडून थेट बारीक नलिकांपर्यंत पोहोचतो. तिथल्या नाजूक अस्तरावर तो हल्ला करतो आणि ते सुजते. सुजलेले अस्तर मग परागकण, धूळ आणि विषाणूंना अधिक चिडखोरपणे उत्तर देते. दम्याच्या मुलाला एरवी जी सर्दी दोन दिवसांत गेली असती, ती छातीत उतरते. शिवाय हा वायू हवेतच पुढे रूप बदलतो. उन्हात त्याच्यापासून ओझोन तयार होतो, अमोनियाशी मिळून नायट्रेटचे अतिसूक्ष्म कण बनतात. म्हणजे धुराड्यातून वायू निघतो आणि काही अंतरावर तो धूलिकण होऊन श्वासात येतो.

जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये या वायूची वार्षिक सरासरी मर्यादा घनमीटरला ४० मायक्रोग्रॅमवरून थेट १० वर आणली. आपल्या देशाचे २००९ चे मानक अजून ४० आहे.

काजळीची गोष्ट वेगळी सांगावी लागेल. डिझेलच्या धुराला जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने जून २०१२ मध्ये कर्करोगकारक घटकांच्या पहिल्या गटात टाकले. तंबाखू आणि ॲस्बेस्टॉस याच गटात आहेत. तात्काळ परिणामाचा एक बोलका अभ्यास लंडनमध्ये झाला आणि २००७ मध्ये प्रसिद्ध झाला. दम्याच्या ६० प्रौढ रुग्णांना एके दिवशी दोन तास ऑक्सफर्ड स्ट्रीटवरून चालवण्यात आले. या रस्त्यावर मुख्यतः डिझेलच्या बस आणि टॅक्सीच धावत. दुसऱ्या एका दिवशी त्याच माणसांना तितकाच वेळ हाइड पार्कमध्ये फिरवले. रस्त्यावरच्या फेरीनंतर त्यांची एका सेकंदात जोराने श्वास सोडण्याची क्षमता सहा टक्क्यांपर्यंत घटली. बागेतल्या फेरीनंतर घट खूपच कमी होती. आणि रस्त्यावरच्या घटीचा सर्वांत सातत्याने संबंध दिसला तो अतिसूक्ष्म कण आणि काजळीतल्या कार्बनशी. डीपीएफची जाळी नेमके हेच अडवते.

कारखान्याच्या आकड्यांत फेरफार झाल्यावर काय होते, याचा जगातला सर्वांत मोठा धडा एखाद्या गॅरेजवाल्याने दिला नाही. तो एका नामांकित कंपनीनेच दिला. २०१३ मध्ये अमेरिकेच्या वेस्ट व्हर्जिनिया विद्यापीठातील एका छोट्या गटाने डिझेल गाड्यांच्या डिकीत मोजणी यंत्रे भरली आणि कॅलिफोर्नियाच्या रस्त्यांवर त्या चालवल्या. अरविंद तिरुवेंगडम आणि हेमंत कप्पण्णा हे भारतीय अभियंते त्या गटात होते. एक गाडी तर लॉस एंजेलिसहून सिएटलपर्यंत नेऊन परत आणली. प्रयोगशाळेत उत्तम गुण मिळवणारी फोक्सवॅगनची जेट्टा रस्त्यावर मर्यादेच्या १५ ते ३५ पट नॉक्स सोडत होती. आधी वाटले यंत्रे चुकताहेत. ती चुकत नव्हती. १८ सप्टेंबर २०१५ रोजी अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने कंपनीला नोटीस दिली आणि सगळे उघडे पडले. ईसीयूच्या आज्ञावलीत एक छुपा भाग होता. स्टिअरिंग फिरत नाही, वेग ठरावीक नमुन्यात कमी-जास्त होतो आहे, म्हणजे गाडी चाचणीच्या रोलरवर आहे, हे तो ओळखायचा आणि धूर-नियंत्रण पूर्ण चालू करायचा. रस्त्यावर आली की यंत्रणा ढिली. परीक्षकासमोर पथ्य पाळणारा आणि घरी आल्यावर लाडू खाणारा मधुमेही डॉक्टरांच्या ओळखीचा असतो, ही त्याचीच यांत्रिक आवृत्ती. जगभरात अशा सुमारे १ कोटी १० लाख गाड्या निघाल्या.

त्यातल्या काही आपल्याकडेही होत्या. फोक्सवॅगनचा कारखाना चाकणला आहे. पुणेकर ज्या टेकडीला एआरएआयची टेकडी म्हणतात, तिथल्या वाहन संशोधन संस्थेने या गाड्यांची तपासणी केली. रस्त्यावरचे उत्सर्जन बीएस-४ मर्यादेच्या १.१ ते २.६ पट आढळले. डिसेंबर २०१५ मध्ये कंपनीने फोक्सवॅगन, स्कोडा आणि ऑडी मिळून ३,२३,७०० गाड्या आज्ञावली सुधारण्यासाठी परत बोलावण्याचे जाहीर केले. दोष शिरला होता ईसीयूतून आणि दुरुस्तीही ईसीयूतूनच. गाडीचा संगणक पुन्हा प्रोग्रॅम करणे हे वाईट नाही, कंपन्या सर्व्हिसिंगच्या वेळी ते नेहमी करतात. प्रश्न कोणत्या दिशेने केले याचा असतो. भारतात रस्त्यावरच्या चाचणीचे बंधनच नाही, त्यामुळे नियम मोडलेला नाही, असे कंपनीचे म्हणणे होते. राष्ट्रीय हरित लवादाने मार्च २०१९ मध्ये ५०० कोटी रुपयांचा दंड ठोठावला. पुढे सर्वोच्च न्यायालयाने कंपनीविरुद्धच्या सक्तीच्या कारवाईला स्थगिती दिली. रस्त्यावरच्या चाचणीची ती त्रुटी मात्र पुढे भरून निघाली. १ एप्रिल २०२३ पासून नव्या गाड्यांना प्रत्यक्ष रस्त्यावरची चाचणी लागू झाली.

याआधी, २०१३ मध्ये, जनरल मोटर्सला तवेराच्या १ लाख १४ हजार गाड्या परत बोलवाव्या लागल्या होत्या. कोकणात वडापमध्ये धावलेली हीच ती तवेरा. तिथे संगणकाची करामत नव्हती, चाचणीला पाठवायची इंजिने वेगळी आणि विकायची वेगळी असा सरळ गावठी प्रकार होता.

या प्रकरणातली सर्वांत लाजिरवाणी बाब वैद्यकशास्त्राशी निगडित आहे. जर्मन वाहन कंपन्यांच्या पैशावर चालणाऱ्या एका संस्थेने २०१४ मध्ये अमेरिकेतील एका प्रयोगशाळेत दहा माकडांना बंद पेटीत बसवून डिझेलचा धूर हुंगवला. ती शांत बसावीत म्हणून समोर कार्टून लावले होते. नवे डिझेल निर्धोक आहे, हे सिद्ध करायचे होते. पण ज्या गाडीचा धूर सोडला, त्या गाडीतही तीच फसवी आज्ञावली होती. म्हणजे प्रयोग क्रूर तर होताच, शिवाय खोटाही होता. जानेवारी २०१८ मध्ये हे बाहेर आल्यावर कंपन्यांना माफी मागावी लागली.

माणसांवरचा हिशेबही मांडला गेला आहे. जगातील अकरा प्रमुख बाजारपेठांत, ज्यांत भारतही होता, डिझेल वाहनांनी मर्यादेबाहेर सोडलेल्या नॉक्समुळे एकट्या २०१५ या वर्षात सुमारे ३८ हजार अकाली मृत्यू झाले असावेत, असा अंदाज 'नेचर' नियतकालिकात २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. यातला मोठा वाटा ट्रक आणि बसचा होता. प्रयोगशाळेत पास होऊन रस्त्यावर नापास होणे ही एकाच कंपनीची मक्तेदारी नव्हती.

आता राजापूरकर विचारतील, आमच्याकडे समुद्राचा वारा आहे, चार महिने धो-धो पाऊस आहे, दिल्लीची भीती आम्हाला कशाला? शहरभर साचून राहणाऱ्या धुराबाबत हे बरोबर आहे. पण वाहनांच्या धुराचा मारा सर्वाधिक असतो तो रस्त्याच्या कडेला, साधारण तीनशे ते पाचशे मीटरच्या पट्ट्यात. महामार्गालगतचा चहावाला, आंबे-काजू विकायला बसलेली बाई, एसटीची वाट पाहणारी शाळकरी मुले, गॅरेजमध्ये दिवसभर सायलेन्सरशेजारी वाकलेला पोरगा, ही माणसे गावची हवा नव्हे, तर रस्त्याची हवा श्वासात घेतात. एखाद्या चढावर एक ट्रक जोर लावून पुढे गेला, की तो ढग त्यांच्या चेहऱ्याच्या उंचीवर काही मिनिटे रेंगाळतो. मुलांची उंची कमी आणि श्वासाची गती जास्त, त्यामुळे त्यांच्या वाट्याला तो अधिक येतो.

मग पीयूसी कशासाठी आहे? डिझेल गाडीची पीयूसी म्हणजे गाडी न्यूट्रलमध्ये उभी करून ॲक्सिलरेटर दाबायचा आणि धूर किती गडद आहे ते प्रकाशाच्या साह्याने मोजायचे. बीएस-४ गाडीला मर्यादा १.६२, बीएस-६ ला ०.७. या चाचणीत नॉक्स मोजला जातच नाही. तो या मात्रेत डोळ्यालाही दिसत नाही आणि यंत्रालाही. ईजीआर बंद केलेली, फवाऱ्याची वेळ पुढे ओढलेली गाडी ताजे प्रमाणपत्र घेऊन आरामात बाहेर पडू शकते. उलट ज्वाळा अधिक तापल्याने तिचा धूर कमी काळा दिसण्याचीही शक्यता असते. डीपीएफ काढलेली गाडीही अनेकदा सुटते, कारण अतिसूक्ष्म कणांनी धूर गडद होत नाही. म्हणूनच २०२२-२३ मध्ये बेल्जियम, नेदरलँड्स, जर्मनी आणि स्वित्झर्लंडने नियमित तपासणीत धुरातल्या कणांची संख्या मोजायला सुरुवात केली. काही सेकंदांत जाळी शाबूत आहे की नाही ते कळते. आपल्याकडे हे यंत्र पीयूसी केंद्रांवर यायला हवे. नाहीतर बीएस-६ ने कमावलेले गॅरेजमध्ये गमावले जाईल. बीएस-४ मध्ये डिझेल कारला किलोमीटरमागे २५ मिलिग्रॅम कण आणि २५० मिलिग्रॅम नॉक्स चालत होता. बीएस-६ ने तो ४.५ आणि ८० वर आणला. ही घट इंजिनापेक्षा त्या जाळ्या-झडपांनी आणि त्यांना चालवणाऱ्या आकड्यांनी साधली आहे. ते आकडे पुसले तर नावापुरतेच बीएस-६ उरते.

कायदा काय म्हणतो तेही थोडक्यात. मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ कंपनीने ठरवलेल्या मूळ तपशिलांशी विसंगत बदल करायला मनाई करते आणि प्रदूषणाचे निकष मोडणारी गाडी चालवणे कलम १९० खाली शिक्षेस पात्र आहे. वॉरंटी जाते, अपघातानंतर विमा कंपनीला हात वर करायला कारण मिळते. क्लच, टर्बो आणि गिअरबॉक्स जुन्याच ताकदीच्या हिशेबाने बनवलेले असतात, हे मेकॅनिक मंडळी एकमेकांत मान्य करतात, गिऱ्हाइकाला मात्र नंतर सांगतात.

ज्याची गाडी खरोखरच जाळीच्या दिव्याने त्रासली आहे, त्याने आधी साधे उपाय करून बघावेत. आठवड्यातून एकदा महामार्गावर पंधरा-वीस मिनिटे एका लयीत गाडी चालवावी, म्हणजे जाळीला तापायला वेळ मिळतो. जाळीची सफाई चालू असताना इंजिन बंद करू नये. कंपनीने सांगितलेल्या दर्जाचेच ऑइल वापरावे, कारण चुकीच्या ऑइलची राख जाळीत कायमची बसते. आणि फिरणे गावातल्या गावातच असेल, तर डिझेल गाडी घेण्याचाच पुनर्विचार करावा. घरात दम्याचा रुग्ण असेल तर गाडी अंगणात सुरू करून तापवत ठेवू नये, खिडकीखाली तर नाहीच. दम लागून येणाऱ्या रुग्णाला डॉक्टर विडी-सिगारेट विचारतात, चूल विचारतात. दिवसभर बसतो कुठे, हेही रुग्णाने आपणहून सांगावे.

सेकंडहँड बीएस-६ डिझेल गाडी घेताना एक तपासणी कुणालाही जमते. गाडी थंड असताना सायलेन्सरच्या नळीत आतून पांढऱ्या कापडाने पुसायचे. जाळी शाबूत असेल तर नळीत काजळी जवळजवळ नसते. कापड काळेकुट्ट निघाले, तर जाळी फुटली आहे किंवा कुणीतरी काढली आहे, मग डॅशबोर्डवर दिवा असो वा नसो.